माटोळीखालून काढलेला फोटो

चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार, म्हापशाचा बाजार. ठरले ते असे: आतल्या चार फोटोंचे साडेतीन हजार रुपये, आणि एखादा फोटो मुखपृष्ठावर गेला तर त्याचे वेगळे दोन हजार. दीड हजार आगाऊ तिथेच मिळाले. हजर तिघे: एका दिवाळी अंकाचे संपादक, मी, आणि माझे यजमान दिगंबर, जे त्या वेळी एका हातात तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आणि दुसऱ्या हातात नारळांची पिशवी घेऊन उभे होते. अंकाचे नाव देत नाही. संपादकांशी पुढे माझे जे बोलणे झाले, ते छापलेले त्यांना आवडेल असे वाटत नाही. गोष्ट सात वर्षांपूर्वीची आहे.

पेडण्यात माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नकार्ये, आणि एका दैनिकासाठी तालुक्यातले बातमीचे फोटो, या तीन गोष्टींवर आमच्या घराचा निम्मा खर्च आजवर चालला. उरलेला निम्मा दिगंबरांच्या पगारावर. सुट्टीच्या दिवशी ते माझी बॅग उचलतात आणि मोटरसायकल चालवतात. त्यामुळे लग्नघरी आम्ही उतरलो की वधूपिता धावत येऊन त्यांचाच हात धरतो. "फोटोग्राफर, तुमी हांगा बसा, सोडा घेयात." आणि मला, "बाय, तू भितर बायलांकडे वच."

दिगंबर शांतपणे सांगतात, "फोटोग्राफर ती. हांव बॅग. पण बॅगेक सोडा चलता."

बातमीच्या फोटोंचे वेगळे. मामलेदार कचेरीवर मोर्चा आला की शहरातून आलेले फोटोग्राफर खांद्याला खांदा लावून भिंत करतात. माझी उंची पाच फूट एक इंच. पहिले वर्षभर मी त्यांच्या पाठींचे उत्तम फोटो काढले. नंतर प्लास्टिकचे एक स्टूल नेऊ लागले. आधी ते सगळे हसले. काही महिन्यांनी त्यांच्यातलाच एक म्हणाला, "ताई, पाच मिनटां स्टूल दी गो." दिले, आणि भाडे म्हणून चहा घेतला.

हे सगळे सांगितले ते एवढ्यासाठी की बावीस वर्षांच्या धंद्यात मला बऱ्याच गोष्टी मिळाल्या होत्या, पण मुखपृष्ठ मिळाले नव्हते. कुठल्याच अंकाचे नाही. संपादकांनी बाजारात ते दोन हजार वेगळे काढून सांगितले तेव्हा दिगंबरांनी तवशी खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिले. पैशांमुळे नव्हे.

काम होते माटोळीचे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, पोफळीच्या कुळागरातली फळे, शेंगा, पाने, फुले बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, केळीचा घड, निरफणस, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, आणि ज्यांची नावे आता फक्त म्हातारी माणसेच सांगतात अशा रानवस्तू. बांधायला सुतळी चालत नाही, केवणीच्या सालीचा दोर लागतो. शिरगावजवळच्या एका घरात आप्पा नावाचे एक गृहस्थ दोनशेहून जास्त वस्तूंची माटोळी बांधत. ऐंशीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गाठी हाताने चाचपून मारायचे. घरामागच्या ज्या डोंगरावरून ते अर्ध्या वस्तू आणायचे, तिथे आता खाणीचा खड्डा आणि त्यात हिरवे पाणी. त्या वर्षी त्यांनी जाहीर करून टाकले होते की ही शेवटची. संपादकांना हवा होता तिचा फोटो, आणि त्यांची अट अशी की त्यात प्रत्येक वस्तू मोजता आली पाहिजे.

समोरून काढलेल्या फोटोत माटोळी मोजता येत नाही. पुढचा घड मागच्याला झाकतो. ती मोजायची तर खालूनच, म्हणजे गणपतीसमोर जमिनीवर उताणे पडून. पुरुष फोटोग्राफर असे पडतात तेव्हा घरचे म्हणतात, बघा किती मेहनत घेतो. बाई पडली तर काय म्हणतील याचा विचार मी चार दिवस करत होते. जाड कापडाची सलवार काढून ठेवली, ओढणीला चार पिना लावायच्या ठरवल्या. ज्याचा विचार केला नव्हता तेच झाले. पंचमीच्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मला पाळी आली, चार दिवस आधी.

आमच्या धंद्यात बायकांना हा प्रश्न विचारतात. सरळ विचारतात, कधी घरातली वडील बाई कानाशी येऊन, कधी भटजी दुसऱ्या कुणाच्या तोंडून. "चलता मगो तुका?" माझ्या ओळखीच्या काही मुली प्रत्येक वेळी "हो" म्हणतात, आणि मी त्यांना नावे ठेवत नाही. त्यांचे पोट त्यावर आहे आणि विचारणाऱ्याला तो हक्क कुणी दिला हेही मला माहीत नाही. पण घर दुसऱ्याचे, सोवळे दुसऱ्याचे, आणि खोटे बोलून आत गेले तर माझे लक्ष दाराकडेच राहते. लक्ष दाराकडे राहिले की फोटो हुकतो. म्हणून पूजेचे काम घेताना मी आधी कॅलेंडर बघते. त्या वेळीही बघितले होते.

आम्ही पोचलो तेव्हा बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, पाहुणे बसलेले. आप्पांचा मुलगा प्रकाश पुढे झाला आणि अर्थातच दिगंबरांचा हात धरला. तेवढे उरकल्यावर आप्पांच्या पत्नी, सगळे त्यांना काकी म्हणत, बाहेर आल्या. माझ्या हाताला धरून त्यांनी मला तुळशीकडे नेले आणि विचारले.

मी म्हटले, "ना काकी. आज सकाळीच."

काकींच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अडचण होती. "अगे देवा," त्या म्हणाल्या. "सांगलें तें बरें केलें हां. बस तू बाल्कांवात. चाय हाडटां. नेवऱ्यो खा." मग मागे वळून मुलाला, "प्रकाश, तिच्या घोवाक कॅमेरो दी रे."

दिगंबर म्हणाले, "काकी, म्हजो हात लागलो तर गणपती न्हय, उंदीरच येतलो फोटोंत."

प्रकाशने आपल्या मोबाइलवर काढून पाहिला. चौकटीचा एक कोपरा आणि पंखा आला. मग मी कॅमेरा लावून दिला, त्याने तो जमिनीवर उताणा ठेवला आणि टायमर दाबला. अर्धी माटोळी आली, अर्ध्यात मखराची कडा. पुढे सरकवावा तर समई आणि नैवेद्याची ताटे. डोळा लावून, इंच इंच सरकून पाहणारे माणूसच खाली हवे होते. प्रकाश धोतर सावरत म्हणाला, "हांव आडवो पडूंक शकना, म्हजी कंबर गेल्या." आप्पा दारात उभे होते. डोळे बारीक करून माझ्या दिशेने पाहत होते. त्यांना मी दिसत होते की नाही, देव जाणे.

मी बाल्कांवातल्या सोप्याच्या बाकावर बसून हिशेब करत होते. अंगणात घुमट वाजवणारे, भाजी चिरणाऱ्या बायका, माडाखाली बसलेले पाहुणे, एवढ्यांत आतले चार फोटो निघाले असते. साडेतीन हजार सुटत होते. मुखपृष्ठ गेले होते.

तेवढ्यात चहा घेऊन घरची सून, प्रकाशची बायको, आली. कप ठेवला, पण गेली नाही. कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाली, "जड आसता?"

मी तिला ओळखले नाही. तीच म्हणाली, "म्हज्या लग्नाचे फोटो तुमीच काडले न्हय, पेडण्याक. हांव सुनीता."

मग मात्र आठवले, आणि चांगलेच आठवले. त्या लग्नातले निम्मे फोटो मी टाकून दिले होते. माळ घालताना नवरी कॅमेऱ्याकडे बघते. सप्तपदीला कॅमेऱ्याकडे बघते. मी तीनदा ओरडले होते, "बाय, नवऱ्याकडे बघ." मी तिला ते सांगितले.

"कॅमेऱ्याकडे न्हय," ती म्हणाली. "तुमच्याकडे पळयतालें. तुमी कदेलार उबीं रावून फोटो काडटालीं. तुमकां कोण सकयल देंव म्हणना तें पळयतालें."

लग्नात खुर्चीवर उभ्या राहिलेल्या बाईला कुणी खाली उतर म्हणत नाही, हे त्या मुलीने स्वतःच्या सप्तपदीत बघून ठेवले होते. मी कप बाजूला केला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

शिकवणी पाऊण तास चालली. लेन्स, उजेड, वेग हे सगळे मी लावून दिले आणि वरून चिकटपट्टी मारली, म्हणजे हात लागला तरी हलू नये. तिला तीनच गोष्टी सांगितल्या. कोपर जमिनीला टेकव. बटण अर्धे दाबून थांब, आतली खूण हिरवी झाली की पूर्ण दाब. आणि दाबताना श्वास सोडलेला असू दे. सरावाला ती बाल्कांवातच उताणी पडली आणि छपराची कौले काढू लागली. पाहुण्यांनी पाय जवळ घेतले. पहिले चार फोटो हलले. पाचव्यात मी कौले मोजली, सगळी मोजता आली.

आता आत. तिथे आप्पा पहिल्यांदा बोलले. "देवा मुखार पांय करून न्हिदप ना."

बरोबर होते. मी म्हटले, "आप्पा, डोके देवाकडे, पाय दाराकडे."

"दारांत दादले आसात," प्रकाश म्हणाला. "सगळ्यां मुखार ती अशी आडवी पडटली?"

यावर काकींनी हातातली पळी खाली ठेवली. "विष्णू केन्नाचो शेषार आडवो पडला, ताका कोण कांय म्हणना. ती घडयेभर पडली तर तुजें कितें गेलें? चल, दादल्यांनी सगळ्यांनी भायर. दार धांप."

पुरुष बाहेर गेले. राहिले फक्त आप्पा, कारण पंखा बंद करूनही माटोळी झुलत होती आणि ती धरायची कशी हे त्यांनाच माहीत होते. मी मागच्या बाजूला जाऊन अंगणातून जनेलाशी उभी राहिले. खिडकीच्या गजांतून मला दिसत होते ते एवढेच: जमिनीवरच्या हांतरीवर पसरलेला सुनीताच्या साडीचा हिरवा पदर, कॅमेरा, आणि तिच्या मनगटातल्या बांगड्या. बांगड्या वाजत होत्या. मी म्हटले, "वर सरकव." तिने त्या कोपरापर्यंत चढवल्या.

"किती दिसते?"

"केळीचो घड सगळो. नारळ अर्दे."

"पाठीवर सरक, दाराकडे. वीतभर."

"आतां सगळें. पूण एक कोनसो काळो."

"समई डावीकडे घ्यायला सांग काकींना."

असे चालले होते. ती नऊ वेळा दाबून थांबली. प्रत्येक वेळी काकी कॅमेरा जनेलातून माझ्याकडे देत, मी पडद्यावर पाहून परत देई. काकींच्या हातून माझ्या हातात आणि माझ्या हातून पुन्हा आत. सोवळ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. सातवा, आठवा आणि नववा उत्तम होते. वस्तू मोजता येत होत्या. कॅमेरा परत आत देत मी म्हटले, "पुरे, ऊठ आता."

ती उठली नाही. आणखी एक आवाज आला बटणाचा.

तो दहावा फोटो मी नंतर बाल्कांवात पाहिला. सुपारीच्या घोसाची गाठ सुटत आली होती म्हणून आप्पा मखराशेजारी स्टुलावर चढले होते आणि चाचपत ती बांधत होते. खालून, फळांच्या गर्दीतून, त्यांचा चेहरा. डोळे मिटलेले, कारण त्यांना बघायची गरज नव्हती. दोन बोटांत केवणीचा दोर. भोवती दोनशे वस्तू, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध त्यांतलीच एक असावी तसा तो म्हातारा. या फोटोत वस्तू मोजता येत नव्हत्या. निम्म्या त्याच्या हातांनी झाकल्या होत्या.

मी दिगंबरांना दाखवला. त्यांनी पडदा सावलीत धरून पाहिला आणि म्हणाले, "हो तुजो न्हय."

"माझा नाही," मी म्हटले. "मी तर तिला ऊठ म्हणाले होते."

त्या दिवशी मी आतले चार फोटो अंगणातून काढले. चांगले निघाले. आठवड्याने सगळे संपादकांना पाठवले, मोजता येणारा नववा आणि न येणारा दहावाही. प्रत्येकाखाली काढणाऱ्याचे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"ताई, तो म्हाताऱ्याचा. मुखपृष्ठ नक्की. वस्तू मोजायचं सोडून द्या. पण खाली हे कुणाचं नाव?"

मी सांगितले.

"अहो, पण कॅमेरा तुमचा."

"हो."

"कार्ड तुमचं, सेटिंग तुमची. शिकवलंत तुम्ही. मग फोटो तुमचा नाही तर कुणाचा? सगळ्या स्टुडिओंत हेच चालतं. मुलं काढतात, नाव मालकाचं जातं."

हे खरे होते. मी स्वतः म्हापशातल्या एका स्टुडिओत सहा वर्षे शिकले. त्या काळातले माझे फोटो आजही लोकांच्या भिंतींवर आहेत, मालकाच्या शिक्क्यासकट. मालक वाईट नव्हता. त्याला तसा प्रश्न कधी पडलाच नाही. किती स्टुडिओंत नवरा शूटिंग करतो आणि बायको रात्रंदिवस अल्बम जुळवते, आणि पाटीवर एकाच्याच नावापुढे 'फोटो स्टुडिओ' असते, तेही मी पाहिले आहे.

"मुखपृष्ठावर अनोळखी नाव घालून अंकाचा काय फायदा?" संपादक म्हणाले. "तुमचं नाव लोकांना माहीत आहे. आणि तुमचं पहिलं मुखपृष्ठ आहे, ताई. नीट विचार करा."

मी म्हटले, "मी जनेलाबाहेर होते. मला फोटो दिसतच नव्हता. जे दिसले नाही ते मी काढले कसे?"

ते म्हणाले, "तिला विचारा तरी. ती नाव घालू देईल का?"

हा प्रश्न रास्त होता. मी सुनीताला फोन केला. ती म्हणाली, "घरांत विचारून सांगतां." मागे प्रकाशचा आवाज येत होता. लोक विचारतील ही फोटोग्राफर कधी झाली, आडवी कशी पडली, असे काहीतरी. मी मनात तो फोटो सोडून दिला. नाव न घालता छापू देणार नव्हते, आणि माझे नाव घालणार नव्हते, म्हणजे तो छापलाच जाणार नव्हता.

संध्याकाळी फोन वाजला. आप्पा होते. त्यांचा फोनवरचा आवाज माणूस अंगणाच्या पलीकडे असल्यासारखा.

"तुवें तिका नांव घालूं म्हणून विचारलें?"

"हो आप्पा."

"घाल. पुराय घाल. अमक्याची सून म्हणून नाका. तिचें नांव घाल."

मी म्हटले, "प्रकाशला चालेल?"

"ताका हांवें सांगलां. जल्मभर हांवें माटोळ्यो बांदल्यो. गणपती विसर्जन केलो काय सोडून उडयल्यो. कोणें बांदली तें कोण विचारता? कांयच उरलें ना. हो उरतलो." मग, "फोटोंत म्हजे दोळे धांपिल्ले आसात म्हण सांगता ती. खरें?"

"खरे आहे."

"बरें जालें," आप्पा म्हणाले. "नाजाल्यार मोतीबिंदू दिसताले."

अंक निघाला. मुखपृष्ठावर आप्पा, आणि आत पहिल्या पानावर तिचे पूर्ण नाव. आतले चार फोटो माझ्या नावाने. राहिलेले दोन हजार मला मिळाले. मुखपृष्ठाचे दोन हजार सुनीताच्या नावाच्या धनादेशाने गेले. तिचे एकटीचे खाते नव्हते, नवऱ्याबरोबर जोडलेले होते. धनादेश घरात तीन आठवडे पडून राहिला, तोवर काकींनी तिला डिचोलीला नेऊन खाते उघडून आणले. काकींनी स्वतःचेही उघडले.

पुढचे थोडक्यात. आप्पा दोन वर्षांनी गेले. पेपरातल्या निधनवार्तेत तोच फोटो होता, डोळे मिटलेला. सुनीताने जुना कॅमेरा हप्त्यांवर घेतला, मग चांगला घेतला. आज डिचोलीत आणि आसपास ती लग्ने करते, आणि खाणीचे पाणी शेतात शिरले की एका साप्ताहिकासाठी गुडघाभर चिखलात उभी राहून फोटो काढते. त्या कामात ती माझ्यापेक्षा पुढे गेली आहे. ती वाट बघते. मी नववा फोटो चांगला आला की ऊठ म्हणणारी आहे, ती दहाव्यासाठी पडून राहते. पूजेच्या घरी तिलाही तो प्रश्न विचारतात. ती काय उत्तर देते ते मी विचारलेले नाही.

मुखपृष्ठ मला आजवर मिळालेले नाही. वाईट वाटते का, असे दिगंबरांनी एकदाच विचारले होते. वाटते, असे मी सांगितले.

या लेखासोबत लेखिकेचा फोटो हवा, असे या अंकाच्या लोकांनी कळवले. आमच्या घरात माझ्या हातचे हजारो फोटो आहेत. माझा एकटीचा, पासपोर्टचा सोडून, एकही निघाला नाही. म्हणून गेल्या रविवारी मी डिचोलीला सुनीताकडे गेले. तिने मला जनेलाजवळ बसवले, पडदा सरकवला, आणि कॅमेरा घेऊन खुर्चीवर चढली. मी कुठे बघायचे असे विचारले, तर म्हणाली, "म्हज्याकडे पळय."

काम अर्ध्या तासात झाले. तिचा दर आठशे रुपये आहे. मी आठशे दिले. तिने मोजून घेतले, पावती दिली आणि सूट दिली नाही.